दुसऱ्या पायाचा रकाना

माझ्या मावशीला कोणी विचारलं, "तुम्ही करता काय?" तर ती एका दमात सांगते, "छोट्या दुकानांना आणि संस्थांना त्यांच्या मापाचे डेटाबेस करून देते." समोरचा मान डोलावतो आणि विषय बदलतो.

बारा वर्षं ती एका मोठ्या ऑफिसात रेकॉर्ड सांभाळायची. ते सोडून तिने हे सुरू केलं तेव्हा काकांनी कपाळाला हात लावला. तिची पद्धतही जगावेगळी. पहिले तीन दिवस ती कॉम्प्युटर उघडतच नाही. दुकानात कोपऱ्यात स्टूल टाकून बसते. गिऱ्हाईक काय विचारतं, मालक कुठली वही काढतो, काय न लिहिताच लक्षात ठेवतो, सगळं टिपते. रोपवाटिकेवाल्याला वाटलं, ही बाई पाळत ठेवतेय. त्याने दुसऱ्याच दिवशी नारळ दिला. सायकली भाड्याने देणाऱ्याने काम करून घेतलं आणि पुन्हा आपली वहीच उघडली.

अशात जुन्या ऑफिसातून फोन आला. जागा रिकामी आहे, शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवा. मावशीने काकांना शब्द दिला, "हे हातातलं बूटमास्तरांचं काम फसलं तर मुकाट्याने ऑफिसला जाईन." मावशी आणि मुकाट्याने! मी सरळ आठवडाभराची रजा टाकली आणि तिच्यामागे निघाले.

बूटमास्तर सत्तरीचे. ज्यांचे पाय बाजारातल्या बुटांत मावत नाहीत, त्यांच्यासाठी ते बूट बनवायचे. कोणाचा एक पाय आखूड, कोणाचा सुजलेला, कोणाला एकच. प्रत्येक पावलाची कडा पेन्सिलीने कागदावर काढलेली, आणि असे हजारो कागद बिस्किटांच्या डब्यांत. मास्तरांची नजर अधू झाली होती, दुकान सूनबाई चालवणार होत्या, पण कुठला कागद कुठल्या डब्यात हे फक्त मास्तरांच्या डोक्यात होतं. शिवाय त्यांचा एक नियम होता. एकच पाय असलेल्या गिऱ्हाइकालाही ते पूर्ण जोड शिवत. "माणूस काय अर्धा असतो?" असं म्हणत. गिऱ्हाईक आपला एक बूट घेऊन जाई, दुसरा माळ्यावर.

मावशी टिपत असताना सूनबाईंनी आणि मी मास्तरांना विचारत डब्यांतली सगळी मापं लॅपटॉपवर एका साध्या यादीत उतरवली. गुरुवारी पहिली चाचणी होती. नेमक्या गाणं शिकवणाऱ्या एक बाई आल्या, मास्तरांच्या जुन्या गिऱ्हाईक. अपघातात त्यांचा उजवा पाय गेलेला. सूनबाईंनी नाव भरलं, फोन भरला, डाव्या पायाचं माप भरलं, आणि पडद्यावर लालभडक अक्षरं उमटली: 'उजव्या पायाचं माप भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.'

बाईंनी ते मोठ्याने वाचलं. "सापडला की लगेच भरते हं!" म्हणाल्या आणि हसल्या. बाकी कोणीच हसलं नाही. मास्तरांनी लॅपटॉप मिटला. "माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला असलं कोणी विचारत नाही, ताई."

"उद्या सुधारून आणते," मावशी म्हणाली.

जेवताना मी अक्कल पाजळली. "त्यात काय? तो रकाना रिकामा सोडू दे. दोन मिनिटांचं काम."

"रिकामा म्हणजे काय गं? पाय नाही, की सूनबाई भरायला विसरल्या?"

मावशीने घास उचलला आणि तो हातातच राहिला. "मास्तर तीन दिवस काय बोलत होते आठवतंय? 'हा डावा फार छळतो. तो उजवा मोठा गुणी.' ते माणसांबद्दल बोलतच नव्हते! पायांबद्दल बोलत होते! एका ओळीत एक माणूस नाही गं, एका ओळीत एक पाय! दोन असतील तर दोन ओळी, एक असेल तर एक. कोणाचंच काही रिकामं नाही!" ती उष्ट्या हाताने उठली.

शुक्रवारी तिने नवा तक्ता मांडला. गाण्याच्या बाई, डावा पाय, एक ओळ. लाल अक्षर नाही की तक्रार नाही. मास्तर तरीही लॅपटॉपकडे पाठ करून बसले होते. मावशीला मात्र आता राहवेना. "मास्तर, हेच माप, हीच रुंदी, पण उजवा. आणि ज्याच्या जोडीला डावा नाही असा. शोधू?"

"असं शोधता येतं?"

तीन हजार पायांतून एक निघाला. तिकीट खिडकीवरच्या बाईंचा.

मास्तर ताडकन उठले. "अहो, ती तर नऊ वर्षं येतेय! दोघी ह्याच खुर्चीत बसतात! आणि मी एकीचे उजवे आणि दुसरीचे डावे माळ्यावर रचत बसलो!" मग सूनबाईंना हाक मारली, "अगं, शिडी लाव!"

शनिवारी अकराला दोघी आल्या. माळ्यावरून काढलेले बूट ओळीने मांडले होते. गाण्याच्या बाईंनी तिकीटवाल्या बाईंच्या जोडातल्या डाव्या हिरव्या बुटात पाय घातला आणि ओरडल्या, "अय्या! माझाच आहे की!" तिकीटवाल्या बाई एकामागून एक उजवे बूट घालून बघत होत्या, डोळे पुसत होत्या आणि मध्येच नावंही ठेवत होत्या. मग दोघींत मिळून एक नवा जोड शिवायचं ठरलं आणि भांडण लागलं.

"लाल."

"लाल? मी खिडकीत बसते, सर्कशीत नाही!"

"अहो, माझ्याही पायात असणार आहे तो!"

मावशी स्टुलावर बसून घाईघाईने लिहीत होती: 'रंग, दोघींची संमती हवी.' बाराला दहा कमी असताना तिचा फोन वाजला. ऑफिसचा. काका तोवर निकाल बघायला येऊन दाराशी उभे होते.

"तुम्हीच सांगा त्यांना," मावशी मान वर न करता म्हणाली.

काकांनी फोन घेतला. दोघी बायकांकडे पाहिलं, बुटांच्या रांगेकडे पाहिलं, घसा खाकरला. "नाही हो, ती नाही येणार. का म्हणजे? कामात आहे ती."

इतकी वर्षं मावशीच्या ह्या धंद्याला ते 'खटाटोप' म्हणत आले होते; 'काम' आज पहिल्यांदा म्हणाले.