दगूअक्कांचं ऊन

दगूअक्का घड्याळ बघत नसत. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली बघत. सावली नळाच्या तोटीला टेकली की जिन्यातूनच हाक यायची, "टाकीनी सावली नळले लागनी. पानी येई आते, भरी ल्या." आणि नळाला पाणी यायचं. धुळ्याच्या आमच्या चार बिऱ्हाडांच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहत, आम्ही त्यांच्या डोक्यावर. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. वर्गात कधी शिकवलं नाही, तरी अक्का मला गुरुजी म्हणत. मी एकदा दुरुस्ती करू पाहिली, तर म्हणाल्या, "पुस्तकं संभायतस, म्हनजे गुरुजीच ना."

धरणगावकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या इथे आल्या. नवरा गेला, मुलगा पुण्याला, मुलगी रावेरला दिलेली. गच्ची त्यांच्याइतकी कुणीच वापरली नसेल. आंघोळीच्या पाण्याचा हंडा सकाळीच वर तापत ठेवलेला असे. थंडीत हरभऱ्याचा पाला, मग मिरच्या, मग होळी झाली की बिबडे, आमच्याकडचे जाड पापड. ज्वारी भिजवून, आंबवून, तीळ-लसूण घालून शिजवलेला घाटा पातेल्यात घेऊन त्या दोन जिने चढत आणि जुन्या साडीवर हाताने थापत बसत. गॅस फक्त त्या घाट्यापुरता, बाकी सगळं उन्हाचं. मी पुस्तक घेऊन वर गेलो की वाटीभर गरम घाटा, त्यावर कच्चं तेल. "आधी खा, मंग वाच." दुपारी जरा पडा म्हटलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "ऊन रिकामं पडू देवानं नही."

गच्चीच्या फरशीवर, टाकीपासून काही पावलांवर, त्यांनी गेरूची एक वाकडी रेघ ओढलेली असे. पुसट झाली की पौषात पुन्हा गिरवत. मला ती वर्षानुवर्षं दिसत होती. कशाची आहे हे मी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर मी घरच्या विजेविषयी बरंच वाचलं. आपला पंखा फिरतो तो कुठेतरी कोळसा जळतो म्हणून, हे मला टोचू लागलं होतं. गच्चीवर सौर पॅनेल बसवावीत यासाठी मी चारही बिऱ्हाडांच्या मागे लागलो. सगळे हो म्हणाले. वैशाखात कंपनीचा माणूस पाहणीला आला. सूर्य डोक्यावर होता, टाकीची सावली टाकीच्या पायाशीच गोळा झालेली. तारा खाली न्यायला जवळ पडेल म्हणून त्याने पॅनेलांच्या दोन ओळी टाकीजवळ आखल्या. पुढची नेमकी बिबड्यांच्या जागेवर.

अक्का वर आल्या. "बसाडा ना. पन तिकडे, त्या कठडाजोडे. टाकीजोडे नका. पूसमा आठलोंग सावली येस." आणि कुठवर येते ते त्यांनी पायाने गेरूच्या रेघेवर दाखवलं.

तो माणूस हसला. "आजी, सावली सगळी सॉफ्टवेअर बघतं."

"मंग टाकी दाखाडी का त्याले?"

सगळेच हसले. मीही. मला वाटलं, अक्का आपली जागा राखताहेत आणि सावलीचं निमित्त काढताहेत. वर मी जे बोललो ते अजून कानात आहे. मी म्हणालो, "अक्का, बिबडे हल्ली बाजारात चांगले मिळतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भेटतस ना. वीजबी भेटस बजारमा."

एवढं बोलून त्या जिना उतरल्या. पॅनेलं टाकीजवळच बसली.

पावसाळा संपेपर्यंत ठीक चाललं. मग मार्गशीर्षापासून मोबाईलवरचा विजेचा आकडा घसरत गेला. कंपनीला फोन केला, तर उत्तर, "थंडीत कमीच असतं, काका." पुन्हा केला, तर "धूळ असेल, पुसत जा." मी पुसू लागलो. तापलेल्या काचेवर गार पाणी नको म्हणून पहाटेच बादली घेऊन वर जायचो. गुडघे दुखायचे, हात गारठायचे, आकडा हलत नव्हता. एका सकाळी बादली भरायला खाली उतरलो, तर अक्का दारात उभ्या होत्या. "सावली पुसाई जाई का, गुरुजी?"

मला तो टोमणा वाटला. बादली भरून वर गेलो. त्या वेळी थांबून एवढंच विचारायचं होतं, कुठली सावली, अक्का? आयुष्यभर लोकांना हवं ते पुस्तक काढून दिलं, आणि समोरचं माणूस सांगत होतं ते ऐकलं नाही.

त्या उन्हाळ्यात अक्कांनी बिबडे खाली फाटकाजवळ खाटेवर घातले. गल्लीतून गाड्या जात होत्या, धूळ उडत होती. बिबडे घरी आणून देताना म्हणाल्या, "यंदा कचकच लागी." लागली. रावेरला पाठवले नाहीत, असं नंतर कळलं. लेकीच्या सासरी धुळीचे बिबडे कसे द्यायचे?

श्रावणात त्या गेल्या. दोन दिवसांचा ताप, फार काही नाही. मुलगा आला, दिवस केले, घराला कुलूप लावून गेला.

पुढच्या पौषात टाकीचा पाइप गळत होता म्हणून मी भर दुपारी वर गेलो. वाकून पॅनेलांखाली शिरलो. टाकीची सावली पुढच्या ओळीवर आडवी पडली होती आणि खाली फरशीपर्यंत उतरली होती. जिथे ती संपत होती तिथे गेरूची रेघ होती. पुसट, पण होती. एका पॅनेलवर सावली आली की त्याला जोडलेली बाकीचीही ढेपाळतात, हे मी कितीदा तरी वाचलं होतं.

कंपनीला कळवलं. "काका, सर्व्हेत तसं काही दिसत नाही." जागा बदलणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. शेजारी म्हणाले, आता कशाला उचकायचं. मी दीड महिना फोन केले, अर्ज लिहिले, माणसं आणली, आणलेली माणसं उद्या येतो सांगून गेली. शेवटी फाल्गुनात एका वेल्डरने पुढची ओळ उचलून पलीकडच्या कठड्याजवळ नेली. अक्कांनी दाखवलेल्या जागेवर. येत्या थंडीत आकडा पडणार नाही, एवढं आता मलाही कळतं.

त्यांची जागा मोकळी झाली आहे. सध्या चैत्र आहे. सकाळी आठपासून तिथे ऊन असतं, संध्याकाळपर्यंत हलत नाही. मी पुस्तक घेऊन वर जातो. ऊन रिकामं पडलेलं असतं.