गौरीचे खडे आणि ओहोळातला आवाज

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवायचे. कुणी भुताखेतांच्या गप्पा काढल्या की मी चहा टाकायला उठायचे. पण हे माझ्याच बाबतीत झालं... आणि इतकी वर्षं झाली तरी ते कशातच बसवता आलेलं नाही.

१९९७ साल. आम्ही नाशिकला सातपूरजवळ राहायचो. विलास, म्हणजे माझे मिस्टर, तिथेच एका कारखान्यात होते. आमच्याकडे खड्याच्या गौरी. मुखवटे वगैरे नाहीत, पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, त्याच गौरी. आणणारीने पहिला खडा उचलण्याआधीपासून ते घरी पाय धुऊन आत येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही.

दरवर्षी हे खडे सासूबाई आणायच्या, आपल्या माहेरच्या ओहोळातून. पण त्या आषाढात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले होते, आली तर दोनेक महिन्यांत येईल, नाहीतर कठीण आहे. ते दोन महिने संपत आले होते. एरवी बाई भलत्या बोलक्या. "हिला माझं कधी ऐकायचंच नसतं," हे मला रोज ऐकावं लागे. आता ते ऐकू येत नव्हतं, तर घर खायला उठायचं.

शेजारच्या मंदाकाकूंना त्यांच्याजवळ बसवून आम्ही सकाळी मोटरसायकलवर निघालो. अंजनेरीच्या अलीकडे त्र्यंबक रस्ता सोडून आत कच्चा रस्ता जातो. मला तर पर्वणीच. दोन्ही बाजूंना तेरडा, सोनकी, कातळावरच्या ओलसर खळग्यांत सीतेची आसवं. पुढे ओहोळाच्या काठाने काळ्या दगडाची एक उभी भिंत आहे, कुणी बांधल्यासारखी. कोणे एके काळी भेगेत शिरलेला लाव्हा तिथेच थिजला, त्याची ती भिंत.

"फुलं बघत बसू नकोस, आई वाट बघतेय," विलास म्हणाले. ते रस्त्यावरच शेळ्या चारणाऱ्या एका आजीबाईंशी बोलत थांबले.

मी तोंड मिटून ओहोळात उतरले. सहा खडे झाले. सातव्याला मात्र मला मोह पडला. पाण्यात एक गारगोटी चमकत होती, फुटक्या बाजूला काचेसारखे स्फटिक. वर्गात दाखवायलाही होईल, म्हणून मी हात घातला.

"तो नको. त्याच्या शेजारचा घे."

अगदी मागून, स्वच्छ. सासूबाईंचा आवाज. मी वळले, तर मागे नुसती ती भिंत. "आई?" असं ओठांपर्यंत आलं होतं, ते कसंबसं गिळलं. शेजारी एक साधा, गुळगुळीत काळा खडा होता. तो उचलला.

वर आले तर आजीबाई विलासच्या शेजारीच, तंबाखू मळत. मला म्हणाल्या, "काय गं बाय, घाबरली का काय? लय पांढरी पडली."

"तिला बोलायचं नाय आजी, गौरी आणतेय," विलास म्हणाले.

घरापर्यंत मी त्यांच्या पाठीमागे बसून होते, पोटात हे सगळं घेऊन, आणि सांगता येत नव्हतं. लग्नानंतर इतकी गप्प मी तेव्हाच बसले असेन.

मंदाकाकू दारातच कोमट पाणी घेऊन उभ्या होत्या. पाय धुता धुता त्यांचेच डोळे भरून आले. "अगं, तुझ्या सासूबाई बोलल्या गं! पडल्या होत्या, एकदम म्हणाल्या, 'तो नको, त्याच्या शेजारचा घे.' मी म्हटलं, काय घेऊ? तर माझ्याकडे बघेचनात. मग थोड्या वेळाने हसल्या आणि म्हणाल्या, 'ऐकलं बाई एकदाचं.'"

आत पाऊल टाकल्यावर मी आधी खडे पाटावर ठेवले, मग दोघांना ओहोळातलं सगळं सांगितलं.

फुटका खडा गौरीला चालत नाही, हे सासूबाईंकडून मी शंभरदा ऐकलेलं. तेच मनात बोललं असेल, असं मी स्वतःला समजावते. पण मग मंदाकाकूंचं काय? मी तर तोवर कुणाशी एक शब्द बोलले नव्हते.

दिवाळीपर्यंत सासूबाई अडखळत का होईना, बऱ्यापैकी बोलायला लागल्या. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मी झोपले असेन." त्यानंतर आठ वर्षं त्या मला भरपूर बोलल्या.

आता त्या नाहीत. खडे मीच आणते, त्याच ओहोळातून. सातवा उचलताना मुद्दाम आधी एखाद्या फुटक्या गारगोटीला हात लावते आणि थांबते... अजून तरी कुणी रागावलेलं नाही.