सावेरिओचे तीन मजले

तुरीन शहरातल्या अर्ध्या न्हाणीघरांच्या लाद्या माझ्या हातच्या आहेत, असं सावेरिओ म्हणायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी दक्षिणेतलं पिएत्राफ्रेद्दा हे डोंगरावरचं गाव सोडून तो उत्तरेत आला आणि पुढचं सारं आयुष्य गुडघ्यांवर बसून काढलं. वर्षभर लोकांच्या घरात लाद्या बसवायच्या आणि ऑगस्टची सुट्टी लागली की गावी जाऊन स्वतःचं घर बांधायचं. त्याच्या पोरांनी समुद्र पाहिला तो गाडीच्या काचेतून. आधी तळमजला झाला, नवराबायकोसाठी. मग पहिला मजला, मुलगा निकोलासाठी. मग दुसरा, मुलगी मारिलेनासाठी. गच्चीवरच्या सळया तशाच उभ्या ठेवल्या होत्या, नातवंडांचं पुढे बघू म्हणून.

"बांध, बांध," त्याची बायको रोझिना म्हणायची. "कबुतरांची चांगली सोय झाली."

निकोला जर्मनीत नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. मारिलेनानं तुरीनमध्येच संसार थाटला. गावच्या घरात दोघांपैकी कुणी सलग आठवडाभरही राहिलं नाही. पंचाहत्तरी आली तेव्हा सावेरिओच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. त्यानं पोरांकडे एकच मागणं केलं: या नाताळात सगळ्यांनी मिळून, पूर्वीसारखं, गाडीनं गावी जायचं. तिथं तो ज्याच्या त्याच्या मजल्याची किल्ली ज्याच्या त्याच्या हातात ठेवणार होता.

पोरं हो म्हणाली. निकोलानं मोठी गाडी भाड्यानं घेतली आणि एका पहाटे सगळे निघाले. पो नदीच्या मैदानात धुकं इतकं दाट होतं की पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते. मारिलेनाची जादा नावाची मुलगी मागच्या सीटवर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसली होती.

"नोन्नो, तिथं वायफाय आहे?" तिनं आजोबांना विचारलं.

"वारा आहे," सावेरिओ म्हणाला. "घे हवा तेवढा."

सगळे हसले. सावेरिओला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

बोलोन्याच्या पुढे ते कॉफीला थांबले. सावेरिओ हात धुऊन बाहेर आला, तर नाताळच्या केकच्या खोक्यांचा ढीग रचला होता आणि त्याच्यापलीकडून पोरांचे आवाज येत होते.

"तो खरंच किल्ल्या देणार आहे," मारिलेना म्हणत होती. "मी काय बोलू?"

"घे आणि खिशात टाक," निकोला म्हणाला. "एक नाताळ म्हाताऱ्याच्या मनासारखा होऊ दे. पुढचं पुढे. तिथं राहायला कोण जाणार, लांडगे?"

"असं बोलू नकोस रे."

"मग तू जा राहायला."

सावेरिओ उलट्या पावली आत गेला आणि त्यानं पुन्हा एकदा हात धुतले, कोपरापर्यंत. बाहेर येताना तो मुद्दाम मोठ्यानं खोकला. "चला रे," तो म्हणाला, "कॉफीवर दिवस काढायचाय का?"

रात्र किनाऱ्यावरच्या एका खानावळीत काढून दुसऱ्या दिवशी ते डोंगर चढू लागले. रस्त्याच्या कडेला बर्फ होतं. गावाच्या वेशीवर सावेरिओचा चुलतभाऊ कानिओ टोपी हातात घेऊन उभा होता आणि त्याच्यामागे, सावेरिओच्या गल्लीच्या तोंडाशी, लाल-पांढरी फीत ताणलेली होती.

"खालचा डोंगर सुटलाय, सावेरिओ," कानिओ म्हणाला. "तुझ्या घराला वरपासून खालपर्यंत भेग गेलीय. हात आत जातो. परवा नगरपालिकेची माणसं येऊन सगळं बंद करून गेली."

"आणि मला फोन करायला काय झालं होतं तुला?"

"केला होता. पावसानंतर भेग दिसली तेव्हाच. रोझिनानं उचलला."

सावेरिओनं बायकोकडे पाहिलं. रोझिना शालीचं टोक घट्ट धरून उभी होती.

"सांगितलं असतं तर तू तुरीनचा उंबरा ओलांडला नसतास," ती म्हणाली. "मला वाटलं, भेग काय, बुजवता येते. बुजवली असतीस तू."

तिथून घर दिसत होतं. गच्ची एका बाजूला कललेली, पायऱ्या भिंतीपासून सुटलेल्या. निकोलानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "फार वाईट झालं, पापा," तो म्हणाला आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण सावेरिओनं मान वळवून बघितलं, तेव्हा निकोला आणि मारिलेना एकमेकांकडे पाहत होते. पावसानं शाळेला सुट्टी मिळाली की लहानपणी दोघांचे चेहरे असे व्हायचे. क्षणभरच. मग मारिलेनानं रुमाल काढला.

घर गेल्याचं दुःख त्याला पेललं असतं. ते चेहरे मात्र पेलले नाहीत.

संध्याकाळी कानिओकडे सगळे जेवायला बसले. खारवलेला मासा होता, वर तळलेल्या कुरकुरीत लाल मिरच्या. प्रवासभर अवघडून बसलेली पोरं आता मोकळी झाली, वाइनवर वाइन घेत जुन्या उन्हाळ्यांच्या गोष्टी सांगू लागली. निकोलानं बापाची नक्कल केली: "ओळंबा सरळ धर, गाढवा!" सगळे पोट धरून हसले. सावेरिओही हसला. त्यानं मिरच्या दोनदा वाढून घेतल्या. किल्ल्यांचा विषय कुणी काढला नाही, त्यानंही नाही.

"पुढचा नाताळ माझ्याकडे, जर्मनीत," उत्तरेकडे परतताना गाडीत निकोला म्हणाला. "पापा, येणार ना?"

"येऊ की," सावेरिओ म्हणाला. बाहेर समुद्र राखाडी होता. जादा झोपली होती.

फेब्रुवारीत कानिओचा फोन आला. घर खाली गेलं होतं, तिन्ही मजले.

"कुणाला लागलं नाही ना?" सावेरिओनं विचारलं.

"कुणाला लागणार? तिथं होतं कोण?"

"ते खरं," सावेरिओ म्हणाला.

"कोण होतं?" स्वयंपाकघरातून रोझिनानं विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं गॅस बंद केला आणि येऊन त्याच्यासमोर बसली. मग म्हणाली, "पोरांना कळवायचं?"

"कशाला?" तो म्हणाला. "त्यांचं चाललंय चांगलं."

पुढच्या नाताळात त्याचे गुडघे दुखत होते. जर्मनीला ते गेले नाहीत.