दंडारीच्या पडद्यावरची उघडी दारं

मंडळी, आज दुपारपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

रिठदच्या आमच्या कलाकेंद्रात आज दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, खेळाचा जुना पडदा टांगला. स्वातंत्र्याच्या आधी गावातल्याच एका पेंटरनं रंगवलेला. त्यावर आमचीच गल्ली आहे, अन् दारादारात त्या घरचं एकेक माणूस उभं आहे. काही दारं मात्र बंद.

बंद का, ते शेजारच्या नव्वदीतल्या गयामायनं सांगितलं. "दारातलं माणूस मेलं का तो पेंटर त्याच्यावर बंद दार रंगवे. मंग तोच मेला. बाकीचे तसेच उभे राह्यले."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लय वर्सं झाली, पोरी. आता तू लाव त्याइची दारं."

शेवटच्या दारात परकर नेसलेली एक पोरगी होती. मी विचारलं, "ही कोण, माय?"

"मी."

"मग हे दार?"

"आज नोको लावू. पण रंग सुकू देऊ नोको."

संध्याकाळपर्यंत मी बाकीची सगळी दारं रंगवून लावली. आता पडद्यावर ती एकटीच उभी आहे.

निघताना रंगाची वाटी धुवायला घेतली, अन् न धुता ओल्या फडक्यानं झाकून ठेवली. खरं सांगा, तुम्ही धुतली असती का?