न आलेल्या अक्षता

काल चौकात कचोरी घेतली. तिचा कागद तेलानं ओला झाला होता आणि त्यावर ठळक मथळा होता, कुणाच्या तरी बोलण्यानं धर्माचा अपमान झाल्याचा. तो माणूस नेमकं काय बोलला, ते बातमीत कुठेच नव्हतं. हिंगाचा आणि शाईचा तो मिसळलेला वास आला आणि मला काशीतलं, ब्रह्मा घाटावरचं आमचं लहानपणीचं दार दिसलं.

माझे वडील, आण्णा, वेद शिकवायचे. एका सभेत ते म्हणाले, "मुलींना वेद न शिकवणं हा धर्म नाही, आपला आळस आहे." सकाळच्या अखबारात छापून आलं, 'धर्म आलस्य है : काशी के पंडित'.

त्याच दिवशी वसंतपूजेचं, म्हणजे वैदिकांनी एकत्र जमून मंत्र म्हणण्याचं, आमंत्रण निघालं. वेद म्हणणाऱ्या प्रत्येक घरी अक्षता यायच्या. आण्णा उपरणं घेऊन दारातच बसले होते. त्यांचाच शिष्य गोविंद अक्षता घेऊन आला, शेजारच्या दारी थांबला आणि आमच्या दारावरून खाली मान घालून पुढे गेला.

आई म्हणाली, "अहो, गोविंद तर सभेत पुढेच बसला होता ना?"

"होता की. मान डोलवत होता." आण्णांनी उपरण्याची घडी घातली. "पण आज त्यानं अखबार वाचला."

काल मी कचोरीवाल्याला कागद दाखवून विचारलं, "भैया, ये आदमी बोला क्या था?"

कढईतून वर न बघता तो म्हणाला, "जो भी बोला हो बहनजी, बोलना नहीं चाहिए था."