पेरूच्या ओळीत मावेल एवढा ट्रॅक्टर

राहात्याजवळ आमची तीन एकर पेरूची बाग आहे आणि घर तिच्यावरच चालतं. फवारणीला भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आणला की तो दर वेळी फांद्या मोडून जायचा. म्हणून मागच्या वर्षी स्वतःचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. पुढची पंधरा वर्षं तोच वापरायचा, त्यामुळे माप चुकून चालणार नव्हतं. मी वहीत यादी केली: रुंदी, उंची, वळायला लागणारी जागा, फवारणीचा ब्लोअर चालेल एवढी ताकद.

धाकट्या दिरांना यादी वाचायचीही नव्हती. "वहिनी, पंचेचाळीस एचपीच्या खाली बघायचंच नाही. सोयऱ्यांना काय खेळणं दाखवायचं?"

"सोयरे येणार आहेत का फवारायला?"

अखेर अठ्ठावीस एचपीवर तडजोड झाली. त्याची रुंदी पावणेपाच फूट. ओळींमधली जागा मी स्वतः टेपने मोजली होती, चांगली सहा फूट. तरी बुकिंगआधी दुकानदाराला म्हटलं, एकदा बागेत चालवून दाखवा.

ट्रॅक्टर ओळीत शिरला आणि धप, धप, धप. पाच झाडांत खाली पेरूंचा सडा. मी ओरडूनच थांबवला. तोडणीला येणाऱ्या मावशी कॅरेट खाली ठेवून हसायला लागल्या.

"ताई, मोजलं कवा हुतं?"

"छाटणी झाली तेव्हा. तेव्हा मोकळं असतं ना, नीट मोजता येतं."

"आन् ट्रॅक्टर काय फकस्त छाटनीलाच येनार व्हय? उपाशीपोटी मापं घेतली तुमी झाडांची. आता ती जेवल्यात."

वर्षानुवर्षं या बागेत वावरून हे मला सुचलं नव्हतं. लगेच पुन्हा टेप काढली. फळांनी फांद्या वाकून जागा जेमतेम साडेचार फूट उरली होती. म्हणजे याहून अरुंद ट्रॅक्टर हवा. दिरांचा चेहरा पडला. "मग भरलेली ट्रॉली ओढणार कोण, मी?"

प्रश्न बरोबर होता, माझ्या यादीत तो नव्हताच. मी लिहून घेतला.

चार दिवसांनी दुकानदाराने साडेतीन फूट रुंदीचा ट्रॅक्टर दाखवायला आणला. आधी चाळीस कॅरेट भरून ट्रॉली बांधावरच्या चढाला लावली. इंजिन जरा कुरकुरलं, पण ट्रॉली वर गेली. मग ब्लोअर जोडून दीर स्वतः ओळीत शिरले. ब्लोअरच्या वाऱ्याने हलून फांद्या मडगार्डला घासत होत्या, एक पेरू तर दिरांच्या कानाला लागून परत झुलत जागेवर गेला. दुसऱ्या टोकाला ते बाहेर पडले, तेव्हा खाली एकही फळ नव्हतं.

दीर उतरले, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हाच घेऊ. पण लाल घ्या वहिनी, निदान लांबून दिसेल तरी!"