उत्तर चुकली

आमच्या गच्चीच्या कठड्यावर लाल ऑइलपेंटनं काढलेला एक 'उ' आहे. घराला रंग द्यायला आलेला प्रत्येक रंगारी विचारतो, "काका, हे पुसायचं ना?" मी नको म्हणतो. मागच्या खेपेच्या रंगाऱ्याला ते वास्तुशास्त्राचं काहीतरी वाटलं. त्यानं हात जोडले. मी त्याला समजावत बसलो नाही.

तो 'उ' उत्तर दिशेचा. आता त्याचा काही उपयोग नाही, कारण ज्या टॉवरसाठी तो काढला तो टॉवर, मोबाइल सगळ्यांच्या हाती आल्यावर, मीच उतरवून टाकला. पण नव्वदच्या दशकात पंचवटीतून पेठ रोडला लागलं की आमचा टॉवर लांबूनच दिसायचा. गच्चीवर तीस फूट उभा, आणि त्याच्या डोक्यावर अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा आडवा अँटेना, घराच्या रुंदीपेक्षाही मोठा. शेजारी विचारायचे, "किती चॅनेल दिसतात हो?" मी सांगायचो, एकही नाही. मग ते विषय बदलायचे.

मला हॅम रेडिओचा नाद होता. हौशी माणसं घरी बसून वायरलेसवर देशोदेशी बोलतात, तो नाद. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते, मोर्सची कटकट कानात बसवावी लागते, मग परवाना मिळतो. मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. मशीन बिघडलं की नीट करायचं, माणसांच्या भानगडीत पडायचं नाही, हा माझा स्वभाव. असा माणूस घरी येऊन अनोळखी लोकांशी तासन्‌तास बोलतो, यावर आईनं काय काय टोमणे मारले ते सांगत नाही.

माझं बघून धाकट्या भावालाही हा नाद लागला, आणि तिथं घरात ठिणगी पडली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, जमीन मोजणी खात्यात होते. नांदगाव, पेठ अशा बदल्यांमध्ये त्यांनी उभी नोकरी काढली. साखळी, झेंड्या आणि नकाशे घेऊन लोकांच्या बांधावर उभं राहायचं आणि कुणाची हद्द कुठं संपते ते सांगायचं. त्यांनी सांगितलं की भांडणारे भाऊही गप्प बसत. धाकट्यानं भरतीची परीक्षा दिली आणि त्याच खात्याची ऑर्डर आली तेव्हा अण्णांनी स्वतः पेढे आणले होते. धाकटा रुजूच झाला नाही. त्याला जहाजावर रेडिओ ऑफिसर व्हायचं होतं.

तो निघाला त्या दिवशी अण्णांनी त्याला एकच विचारलं, "बापाच्या बांधावर उभं राहायची लाज वाटते का?" धाकट्यानं बॅग उचलली आणि तो जिना उतरला. बोलला काही नाही. अण्णा म्हणाले, "त्यानं उत्तर दिलं नाही. आता माझ्याकडून त्यानं उत्तराची अपेक्षा करू नये."

आणि ते खरोखर पाळलं. कुठल्या कुठल्या बंदरांवरून धाकट्याची पत्रं येत. शेवटची ओळ ठरलेली असे: अण्णांना साष्टांग नमस्कार, उत्तराची वाट पाहतो. आई ती ओळ मुद्दाम मोठ्यानं वाचायची. अण्णा पेपरचं पान उलटायचे. तीन वर्षं असं चाललं. आईला त्या काळात देवाकडे मागायला दुसरं काही नव्हतं. ह्यांनी त्याला एकदा उत्तर द्यावं, बस्स. मध्ये अण्णांना छातीत दुखून दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हापासून तर तिनं धसकाच घेतला. "दोघांतला एक असाच गेला तर?" असं ती मला म्हणाली. मी टॉवर उभा करायचं ठरवलं ते त्याच आठवड्यात.

जहाजाच्या कप्तानानं धाकट्याला मोकळ्या वेळात हॅमवर बोलायची परवानगी दिली होती. माझ्याकडे तेव्हा गच्चीवर नुसती एक तार ताणलेली होती. तिच्यावर त्याचा आवाज भांड्यात पडलेल्या खड्यासारखा यायचा. दिशा धरून फिरवता येईल असा अँटेना उंचावर लावला तर आईला लेकाचा आवाज नीट ऐकता आला असता. ऐकता, एवढंच. परवाना नसलेल्यानं माईकवर बोलायचं नाही, असा नियम. मी आईला तो सांगितला. ती म्हणाली, "ऐकायचं पण बोलायचं नाही? मग मला सवय आहे. नवी नवरी होते तेव्हा हेच होतं."

टॉवरचे तीन तुकडे अंबडच्या एका वेल्डरनं करून दिले. तो सरळ उभा राहायला चहूबाजूंनी तारांचे ताण लागतात, आणि ते काम शहरातल्या कुणाला येईना. शेवटी दिंडोरीकडचा एक द्राक्षबागांचे मांडव ताणणारा गडी मिळाला. त्यानं टॉवरकडे बघून विचारलं, "वर येल कोणता चढवायचाय?" मग गच्चीवर फिरून प्रत्येक तार बोटानं वाजवून पाहिली. मी पान्यानं एक तार आणखी आवळायला गेलो तर त्यानं माझा हात धरला. "लय ताणू नका, सायेब. मांडव ताणानं पडतो, वाऱ्यानं नाय पडत." तो टॉवर पुढे कधी हलला नाही.

अँटेना फिरवायला रोटेटर लागतो. परदेशी रोटेटर आपल्या आवाक्यातला नव्हता, म्हणून भंगारातून ट्रकच्या वायपरची मोटार आणली, तिला गिअर जोडले. खाली रेडिओच्या टेबलावर एक डबी ठेवली. तिच्यावर मी कागदाची गोल तबकडी चिकटवून दिशा लिहिल्या होत्या. खालचं बटण फिरवलं की वर अँटेना घरघरत वळायचा आणि काटा दिशा दाखवायचा. मी होकायंत्र घेऊन टॉवरवर चढलो, दांड्याला टेकून उत्तर पाहिली, अँटेनाचं तोंड तिकडे केलं, काटा 'उ'वर आणला आणि सगळे नट आवळले.

अण्णा अंगणात खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते. महिनाभर त्यांनी टॉवरबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मी खाली उतरलो तेव्हा म्हणाले, "उत्तर चुकली आहे."

मी म्हणालो, "होकायंत्र लावून बघितलंय. उत्तर चुकलेलं नाही."

"चुकलेलं नाही ते गणिताचं. दिशा असली तर चुकली म्हणावं. दिशा बाई असते."

आयुष्यभर नकाशांवर दप्तरी भाषा लिहिल्यामुळे अण्णांना अशी सवय होती. घरात कुणी चुकीचं लिंग वापरलं की ते जेवता जेवता थांबून सुधारायचे. तापात असतानाही सुधारायचे. मला त्यांचा राग आला तो भाषेमुळे, आणि त्या रागात मुद्दा राहून गेला. तुमच्या साखळीचे दिवस गेले अण्णा, असं काहीतरी मी बोललो. बोलायला नको होतं. अण्णा उठून आत गेले.

पुढचे दोन-अडीच महिने संध्याकाळी मी रेडिओ लावायचो, आई दारात स्टूल टाकून बसायची. धाकट्याचं जहाज तेव्हा आफ्रिकेच्या खालच्या टोकाकडे ये-जा करत होतं. मी काटा नैऋत्येला आणायचो आणि तो पूर्वीसारखाच, खड्यासारखा यायचा. आई पुढे वाकून ऐकायची आणि विचारायची, "काय म्हणाला?" मी सांगायचो, बरा आहे म्हणतोय. खरं तर मलाही ऐकू आलेलं नसायचं. कानानं अंदाज घेत अँटेना इकडे तिकडे फिरवून पाहायला हवा होता. पण मोटार वायपरची, सारखी फिरवली की तापायची; एकदा जळलीसुद्धा. म्हणून मी तबकडीवर भरवसा ठेवला. एकदोनदा काटा भलतीकडे असताना आवाज बरा आला होता. तेव्हा मी हवेला दोष दिला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच.

एप्रिलमध्ये एकदा पहिली पाळी करून घरी आलो तर आई म्हणाली, "वर जाऊन बघ. सकाळपासून ऊन मोजत बसलेत. माझ्या कुरडया उचलायला लावल्या. जेवणाचं ताटसुद्धा वर नेऊन दिलं."

गच्चीच्या लांबच्या कोपऱ्यात वाळूच्या बादलीत एक काठी उभी होती, शेजारी तिचा सरळपणा पाहायला ओळंबा. काठीभोवती दोरीनं आखलेलं खडूचं मोठं वर्तुळ. सकाळी आखडत येणारी सावली वर्तुळाला जिथं टेकली तिथं एक खूण, दुपारनंतर लांबत जाणारी सावली पुन्हा टेकली तिथं दुसरी. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, आणि तिला काटकोनात उत्तर. पेठच्या डोंगरात लोखंडाचे दगड निघतात, तिथं होकायंत्र चळतं, तेव्हा अण्णा असंच करत. अण्णा टोपी घालून कठड्यापाशी उकिडवे बसले होते आणि बारीक ब्रशनं 'उ' रंगवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तुझा काटा उत्तरेला आण."

मी खाली जाऊन काटा आणला, वर येऊन बघितलं. अँटेनाचं तोंड आणि अण्णांचा 'उ' यांत निदान चाळीस अंशांचा फरक होता. मी होकायंत्र काढलं. कोपऱ्यात ते 'उ'कडे बोट दाखवत होतं. हातात धरून टॉवरकडे चालत गेलो, तसा काटा टॉवरकडे वळायला लागला. लोखंडी टॉवरला टेकून होकायंत्र बघणारा मेंटेनन्सचा माणूस! कारखान्यात मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अण्णांसमोर मला त्या क्षणी फार लाज वाटली. मी पाना घेऊन वर चढलो, नट सैल केले आणि अण्णा खालून हातानं दाखवत गेले, अजून, अजून, थांब.

संध्याकाळी मी रेडिओ लावला. आई पीठ मळता मळता तशीच दारात आली. आणि मग अण्णा आले. त्या खोलीत त्यांनी तोवर पाऊल टाकलेलं नव्हतं. "आज कुठं आहे?" एवढंच विचारलं. कोण, ते सांगायची गरज नव्हती. मी अक्षांश-रेखांश सांगितले. त्यांनी डोळे बारीक केले, दुसऱ्या स्टुलावर बसले आणि डबीच्या बटणावर हात ठेवला. छपराच्या वर घरघर सुरू झाली. काटा हळूहळू सरकत होता, आणि स्पीकरमधली खरखर बाजूला होऊन तिच्यातून धाकट्याचा आवाज वर आला, त्याच्या सर्दीसकट. आईच्या तोंडून हुंदका फुटला.

"दादा, आत्ता काय केलंस रे? शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा येतोयस!"

मी माईकचं बटण दाबलं. "उत्तर चुकली होती. नीट केली."

"कुणी?"

नियम बोलण्याबद्दल होता, नाव सांगण्याबद्दल नव्हता. मी म्हणालो, "अण्णांनी."

मी माईकचं बटण सोडलं. पलीकडून काहीच आलं नाही. नुसता वाऱ्यासारखा आवाज. मला वाटलं संपर्क तुटला. अण्णांनी डबीच्या बटणाला किंचित धक्का दिला, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, काटा परत तिथंच आणला. मग धाकटा बोलला, पण इतकंच, "बरं. उद्या याच वेळेला."

अण्णा उठले. "मोटार तापली असेल, बंद कर," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्या वेळेच्या आधी पाच मिनिटं येऊन स्टुलावर बसले. नंतर रोजच. माईकला त्यांनी कधी हात लावला नाही. पत्राला उत्तरही लिहिलं नाही. आई म्हणायची, "एवढं रोज त्याच्याकडे तोंड फिरवतात, मग दोन ओळी लिहायला काय होतं?"

दिवाळीच्या आसपास धाकटा सुट्टीवर आला. अण्णांच्या पाया पडला. अण्णा म्हणाले, "याला पाणी दे," पण ते आईला. जेवणं झाली, दुपार झाली, दोघांत एक शब्द नाही. मी वैतागून गच्चीवर गेलो आणि तारांचे नट तपासत बसलो. थोड्या वेळानं जिन्यावर अण्णांची पावलं वाजली, मागोमाग धाकट्याची. उन्हाळ्यानंतर गुडघ्यांमुळे अण्णांनी गच्चीवर येणं बंद केलं होतं. ते कठड्यापाशी गेले, लाल अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही उत्तर."

धाकटा त्या अक्षराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मिळालं, अण्णा."

माझ्या हातातला पाना थांबला. आता अण्णा त्याला सुधारणार, दिशेला मिळालं म्हणत नाहीत, मिळाली म्हणावं, असं सांगणार, याची मला खात्री होती.

अण्णांनी मान डोलावली. म्हणाले, "चल, ऊन लागेल."